रोटाचा डबा

३ जानेवारी १९९७, शुक्रवार

ही डायरी बियाण्याच्या कंपनीची आहे, बाबांना दुकानात फुकट मिळालेली. प्रत्येक पानाच्या तळाशी कापसावर एकेक सूचना छापली आहे. आजची सूचना : पेरणीपूर्वी जमिनीची ओळख करून घ्यावी. घेतली, बाप्पा! काल अकोल्याला गाडीत बसले, आज सकाळी सुरतला उतरले. तेव्हापासून दहा जणांनी मला ‘बेन’ म्हटलं, रिक्षावाल्याने एकाच पुलाखालून दोनदा फिरवलं आणि स्टेशनजवळच्या खाणावळीत मी आयुष्यात पहिल्यांदा गोड वरण खाल्लं. वरण गोड! जिलबीने काय मग तिखट व्हायचं का?

आमच्या दिग्रसची मुलं मुंबई-पुण्याला शिकायला जातात. पण राज्य सोडून एकटी निघालेली मुलगी मीच पहिली. आई ओवाळताना असं रडली, जसं काही मी अमेरिकेलाच चालले. कापड-डिझाईनचा दीड वर्षाचा डिप्लोमा आहे, पुढच्या जूनपर्यंत. बाबा शिंपी, मी चिंध्यांत रांगले, तेव्हा हे मला यायलाच पाहिजे. बाबांची अट एकच. “कोनाले तक्रारीले जागा देऊ नको. एक जरी तक्रार आली, तर बिस्तरा बांधून वापस. मंग पुसदचं स्थळ आहेच.” पुसदचं स्थळ म्हणजे भांड्यांच्या दुकानाचा मालक. मला बघायला आला होता, तेव्हा सगळा वेळ आमच्या पातेल्यांकडे बघत होता.

राहायला लिंबायतमध्ये उखाकाकांकडे. त्यांची नि बाबांची ओळख शेगावच्या धर्मशाळेत एका सतरंजीवरून भांडण होऊन झाली. भांडता भांडता दोघंही शिंपी निघाले, कुळं तेवढी वेगळी, मग सतरंजी वाटून घेतली. काका लूमच्या कारखान्यात आहेत. जेवताना “वाढ” आणि “पुरे” एवढंच बोलतात. त्यांच्या बायको सरलाबाई, त्यांना मी काकू म्हणते. त्या घरी बसून साड्यांवर टिकल्या टाकतात. तिळाएवढी टिकली, केसाएवढी सुई, आणि हात चालतोय नि तोंडही चालतंय. मोठा मुलगा योगराज त्याच कारखान्यात लूम दुरुस्त करतो. धाकटी सोनाली आठवीत, गुजराती शाळेत. घरात अहिराणी, दारात हिंदी आणि सोनालीच्या तोंडात गुजराती. मला एक वाक्य कळलं, “जेवी ले, पोरी.” ते पुरलं.

५ जानेवारी, रविवार

माझं निरीक्षण बारीक आहे असं आमच्या ड्रॉइंगच्या बाई म्हणायच्या. त्या निरीक्षणावरून लिहिते की या घरातल्या योगराजला मी आलेली अजिबात आवडलेली नाही. मी खोलीत गेले की तो उठतो. काही विचारलं तर भिंतीकडे बघून उत्तर देतो. काल मी म्हटलं, “इथे उजेड कमी आहे का हो, ग्राफ दिसत नाही.” तर चपला घालून निघूनच गेला. उंच आहे, भुवया जाड, हाताला ग्रीसचा वास, शीळ चांगली वाजवतो, पण मी दिसले की बंद. एवढं मी मुद्दाम बघितलेलं नाही, दिसलं म्हणून लिहिलं.

संध्याकाळी माझ्या टेबलावर शंभराचा बल्ब लागलेला होता. काकांनी लावला असणार. सज्जन माणूस.

१४ जानेवारी, मंगळवार

आज उत्तरायण. आमच्याकडे तिळगूळ वाटला की संक्रांत संपते. इथे सगळं शहर छतावर! ज्याला छत नाही तो पत्र्यावर. काकूसुद्धा साडी खोचून पत्र्यावर. चार गल्ल्यांपलीकडच्या पतंगाला कोणत्या रंगाचं शेपूट आहे ते त्या तिथून सांगत होत्या, आणि योगराज तोच पतंग कापत होता. पतंग कापला की “काय पो छे!” असं किंचाळायला सोनालीने शिकवलं. मी इतक्या जोरात किंचाळले की शेजारच्या मंगलाबाई म्हणाल्या, ही विदर्भाची का सौराष्ट्राची?

योगराजने न बोलता माझ्या हातात फिरकी दिली. नोकर समजतो काय! पण धरली. मांजाने बोट कापलं, तर लगेच स्वतःची दोरी तोडून पतंग सोडून दिला आणि खाली गेला. चांगला जिंकत असलेला पतंग! रागीट आहे. थोड्या वेळाने सोनालीने हळद नि पट्टी आणून दिली. पोरगी किती समजूतदार आहे.

९ फेब्रुवारी, रविवार

सुरतचे लोक प्रेमाने शिव्या देतात हे आज कळलं. लोचो खायला गेलो होतो. हा एक वाफवलेला, विस्कटलेला पदार्थ आहे, वर तेल नि शेव, आणि एकदा खाल्ला की माणूस वाडगा चाटतो. गाडीवाले पांढऱ्या मिशीचे आजोबा, समोर तितकेच म्हातारे गिऱ्हाईक. दोघांनी एकमेकांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. मी घाबरून मागे सरले, आता हाणामारी होणार. तर दोघं गळ्यात गळा घालून नातवाच्या लग्नाचं बोलायला लागले. आमच्या दिग्रसमध्ये यातल्या अर्ध्या शब्दावर पोलीस पाटील आला असता.

आमचे भाईदास सरही अस्सल सुरती, पण मुलींसमोर शिवी अर्ध्यात गिळतात. त्यांनी भिंगाखाली कापड देऊन एका इंचात उभे धागे किती ते मोजायला लावले. माझे चौसष्ट आले, बरोबर होते. आडवे मात्र मोजायचेच राहिले. सर म्हणाले, “बेन, आंख तो सारी छे, पण जोतां नथी आवडतुं.” डोळे चांगले, बघता येत नाही म्हणे! मला फार लागलं. घरी येऊन काकूंना सांगितलं तर त्या दोरा ओवता ओवता हसल्या आणि म्हणाल्या, “मास्तर हुशार शे.”

२ मार्च, रविवार

स्टेशनजवळच्या खाणावळीत वरणात साखर. पुन्हा. आता मला तेही आवडायला लागलंय, हे आईला कळवणार नाही.

२१ जून, शनिवार

पहिल्या परीक्षेत दुसरी आले! पहिला आलेला मुलगा साडीच्या दुकानदाराचा आहे, त्याच्या घरी नमुन्यांची कपाटं आहेत. माझ्याकडे तेवढे नमुने आले कुठून, तर दर शनिवारी माझ्या टेबलावर चिंध्यांचं गाठोडं येतं. सोनाली म्हणते, कारखान्याचा मालक पाठवतो. मालक किती दिलदार! मला ओळखतही नाही बिचारा. शिवाय माझ्या सायकलची चेन आजवर एकदाही सुटलेली नाही. सुरतची हवाच कोरडी असावी, इथे लोखंडाला गंज धरत नाही असं दिसतं.

बाबांना पत्र टाकलं. त्यांचं उत्तर येईल, “बरं झालं. तक्रार येऊ देऊ नको.” न वाचताच पाठ आहे.

योगराजला पेढा द्यायला गेले. घेतला, भिंतीला म्हणाला, “चांगलं झालं.” पेढा खिशात घातला. खिशात! ग्रीसच्या खिशात कोणी पेढा घालतं का?

१० ऑगस्ट, रविवार

आज घरात कानबाई. खान्देशातल्या लोकांचा हा सण मी ऐकलाही नव्हता. नागपंचमीनंतरचा रविवार. नारळाला देवीचा साज, नथ, गळसरी, आणि चौरंगाभोवती केळीचे खांब. जवळच्याच गोडादऱ्याहून धुडकूआबा आले. हे यांच्या भाऊबंदांतले सगळ्यांत वडील, पंच्याहत्तरीचे, फेटा एवढा मोठा की आधी फेटा आत आला, मग आबा. इथे सगळे त्यांच्या शब्दापुढे गप्प.

या सणाचा मुख्य मुद्दा म्हणजे रोट. घरातल्या पुरुषांच्या नावाने सव्वा सव्वा मूठ गहू नि हरभऱ्याची डाळ मोजून दळतात. त्या पिठाचं जे काही होईल ते फक्त कुळातल्यांनी खायचं. लग्न होऊन गेलेल्या लेकीलाही नाही, पण घरात आलेल्या सुनेला चालतं. आणि पुनवेच्या आत पीठ संपलं पाहिजे. मला काकूंनी वेगळ्या कणकेच्या पुरणपोळ्या केल्या, तांबड्या भोपळ्याची भाजी, कढी, खीर. मी पाच पोळ्या खाल्ल्या. तरी सगळे रोट खाताहेत नि मी वेगळ्या ताटावर, हे मनाला थोडं टोचलं. सात महिने ज्यांच्या घरात राहिले त्यांच्या घरची मी नाही, हे एका पोळीने सांगितलं. लिहू नये, पण टोचलं.

काकू माझ्याकडे बघत होत्या.

१२ ऑगस्ट, मंगळवार

घात झाला. अक्षर वाईट येतंय.

गावाकडे रोट उंबरा ओलांडत नाही. पण लिंबायतमध्ये बारा बारा तासांच्या पाळ्या, म्हणून इथे रोटाच्या पोळ्या कारखान्याच्या डब्यातून जातात, अशी सूट आबांनीच पूर्वी दिलेली. योगराजचा डबा म्हणजे चार पुडांचा अ‍ॅल्युमिनियमचा बुरूज, झाकणावर खिळ्याने नाव ठोकलेलं. माझा दोन पुडांचा, स्टीलचा, लाल मुठीचा. आज दुपारी पिशवीत हात घातला तर बुरूज! मी तर हसले. भूक लागलेली, मैत्रिणींना वाटून चार पोळ्या... नाही, खरं लिहिते, पोळ्या एकटीने खाल्ल्या, भाजी वाटली. पोळी काय खमंग होती!

आणि तेच मी घरी येऊन शहाणीसारखं बोलले. “काकू, डबे बदलले वाटतं. पण पोळी मस्त होती, बेसन घातलं होतं का?”

काकूंनी कपाळावर असा हात मारला की मंगलाबाई लगेच आत आल्या. इतक्या लगेच, की दारातच उभ्या असाव्यात. “माय वं माय!” काकू म्हणाल्या. “मन्हा डोयाले दखास नही वं आते! आंधयी व्हयनू मी! पोरीनी रोट खादा!” मंगलाबाईंनी गालावर हात ठेवला. सोनाली तोंडात ओढणी कोंबून मोरीत पळाली, तिलाही रडू आलं असणार. काका म्हणाले, “पुरे.” ते अजून जेवायलाही बसले नव्हते.

काकूंचे डोळे गेले आहेत हे मला कळायला हवं होतं. दिवसभर टिकल्या टाकून टाकून गेले. एवढे वेगळे दोन डबे ज्यांना ओळखू येत नाहीत, त्यांना दिसत तरी काय असेल? माझ्या निरीक्षणाला लागली आग.

आता ही गोष्ट बाबांपर्यंत गेली की मी पुसदला पातेली मोजत बसणार.

१३ ऑगस्ट, बुधवार

संध्याकाळी धुडकूआबा आले. फेटा काढून मांडीवर ठेवला, म्हणजे प्रकरण गंभीर. मी कोपऱ्यात. योगराज दाराबाहेर, पण चपला आत, म्हणजे ऐकत होता.

आबांनी मला विचारलं, “किती खाध्यात?” मी म्हटलं, चार. आबांनी चार बोटं मोजली. मग म्हणाले, “बरं व्हतं का?” मी म्हटलं, फार. आबांच्या मिशा हलल्या.

मग निवाडा. बाहेरच्या माणसाने रोट खाल्ला तर तो बाहेरचा राहू शकत नाही. एक तर त्याने घर सोडावं, नाही तर घरचं व्हावं. “लेक व्हय नही ते सून व्हय. ते पोर सांगी. तिले कोन्ही भरीस पाडानं नही.” लेक की सून ते मीच सांगायचं, मुदत पुनवेपर्यंत, म्हणजे सोमवार.

घर सोडलं तर मला सुरतमध्ये कोण आहे? मुलींचं वसतिगृह भरलेलं, आणि घर बदललं म्हणताच बाबा न्यायला येतील. डिप्लोमा गेला. दहा महिने उरलेत आणि डिप्लोम्यासाठीची माझी ‘मोर-बुट्टी’ नक्षी अजून ग्राफवरसुद्धा उतरलेली नाही. मला रडू आलं. काकू माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या.

१४ ऑगस्ट, गुरुवार

मी पण काय मूर्ख! सोमवारी पुनव, म्हणजे राखी! योगराजला राखी बांधली की मी लेक. लेकीने रोट खाल्ला तर कुणाचं काय बिघडलं? दोष गेला, आबा खूश, काकू खूश, योगराजही सुटला बिचारा, नाही तर आवडत नाही ती मुलगी सून म्हणून गळ्यात पडायची. मला तर ‘सून’ हा शब्द ऐकूनच कानशिलं तापली होती. रागाने.

काकूंना सांगितलं. त्यांच्या हातातली सुई पहिल्यांदा थांबली. म्हणाल्या, “तुन्ही मरजी.” आनंदाने बोलवेना त्यांना.

राखी आणली. निळी, मधे आरसा. दुकानात तासभर लागला, कारण योगराजला निळा रंग आवडतो. त्याचे दोन्ही शर्ट निळे आहेत.

१५ ऑगस्ट, शुक्रवार

स्वातंत्र्याला पन्नास वर्षं. संस्थेत झेंडा, लाडू. योगराज दोन दिवस घरी नाही, दोन पाळ्या करतो आहे. राखीला सुट्टी घेता यावी म्हणूनच असेल. मनाने तसा वाईट नाही.

पानाखालची सूचना : बोंडातील अळी बाहेरून दिसत नाही, पाकळी उघडून पाहावी. या कंपनीला दुसरा विषयच नाही.

१८ ऑगस्ट, सोमवार

ताट सजवलं, निरांजन लावलं, राखी ठेवली, घारीचा, म्हणजे इथल्या माव्याच्या मिठाईचा, तुकडा ठेवला. आबा साक्षीला बसले. दहा वाजता योगराज आला आणि माझ्या हातातलं ताट पडतापडता राहिलं. त्याचा उजवा हात बोटांपासून कोपरापर्यंत पट्टीत!

“लूममध्ये आला,” तो भिंतीला म्हणाला.

मला एकदम इतकं कसंतरी झालं, सांगता येत नाही. त्या हाताने पतंग उडवायचा, त्या हाताने काय काय करतो तो. डोळे भरून आले, निरांजन कुठे नि राखी कुठे दिसेना. म्हटलं, डॉक्टरांना दाखवलं का, टाके किती पडले, दुखतं का. तो पहिल्यांदा माझ्याकडे बघून म्हणाला, “नाही दुखत.” आणि हसला. दुखतं त्यालाच असं हसू येतं.

मी म्हटलं, डाव्या हाताला बांधते. काकू नि मंगलाबाई एका सुरात ओरडल्या, “डाव्या हातले राखी? नको वं माय!” आबांनी फेटा घातला. हात बरा होईपर्यंत मुदत वाढवली, पोळ्याच्या अमावास्येपर्यंत. जाताना खोकल्याची उबळ आली त्यांना, हसल्यासारखी.

संध्याकाळी योगराज नळावरून दोन बादल्या घेऊन येताना दिसला. पट्टी डाव्या हाताला होती. बहुतेक दोन्ही हातांना लागलंय आणि पट्टी एकच आहे. एवढं सोसूनही घरातलं पाणी भरतो. मी सोनालीला हे म्हटलं तर तिला पाणी पिता पिता ठसका लागला.

राखी या पानात ठेवली आहे.

३१ ऑगस्ट, रविवार

उद्या मुदत संपते, आणि मला झोपण्याआधी हे सगळं लिहून काढायलाच पाहिजे, नाही तर डोकं फुटेल.

आज लिंबायतच्या शाळेत डोळ्यांचं शिबिर होतं. मी ठरवलंच होतं, निवाडा काही होवो, काकूंच्या डोळ्यांचं काहीतरी करायचं. माझ्यासाठी एवढं केलं त्यांनी. त्या येईनात. “आते नको, मंग दखू.” मी म्हटलं, नाही काकू, डबे ओळखू येत नाहीत तुम्हाला, उद्या चुलीत हात घालाल. हाताला धरून रिक्षात घातलं. वाटभर त्या गप्प. काकू गप्प!

डॉक्टरांनी भिंतीवरच्या तक्त्यावर काडी ठेवली. इंग्रजी E चे फाटे कुठल्या बाजूला ते हाताने दाखवायचं. काकूंनी सगळ्यात मोठ्या ओळीला डोळे बारीक केले आणि उलटाच हात दाखवला. मला भडभडून आलं. तेवढ्यात डॉक्टरांच्या बाहीचं बटण लोंबलं. म्हातारे गृहस्थ, स्वतःच सुईदोरा घेऊन बसले, दोरा काही जाईना. काकूंनी दोन मिनिटं सहन केलं. तिसऱ्या मिनिटाला सुई हिसकून घेतली, एका झटक्यात ओवली आणि बटण लावून दात लावून दोरा तोडला. वर म्हणाल्या, “तुमना कालरवर वरणना डाग शे.” डाग मोहरीएवढा होता.

डॉक्टर सुईकडे बघत राहिले, मग तक्त्याकडे, मग काकूंकडे. “बा, तमारी आंख तो मारा करतां सारी छे!”

म्हणजे काकूंची नजर डॉक्टरांपेक्षा चांगली.

परत रिक्षात बसलो. डोक्यात डबे वाजत होते. चार पुडांचा बुरूज, दोन पुडांची लाल मूठ. दारातच उभ्या असलेल्या मंगलाबाई. मोरीत पळालेली सोनाली, ती रडत नव्हती! आणि मग ते थांबेचना. शंभराचा बल्ब काकांनी लावला नव्हता. चिंध्यांचं गाठोडं मालकाने पाठवलं नव्हतं. सुरतच्या हवेत लोखंड गंजत नाही म्हणे! अव माय, काय काय लिहून ठेवलंय मी. पट्टी. पट्टीचं तर वाचवत नाही. सर खरं बोलले होते, मी उभे धागे मोजले आणि आडवे तसेच सोडले.

“काकू,” मी म्हटलं, “डबा तुम्ही बदलला.”

काकूंनी पदर तोंडाला लावला. मग म्हणाल्या, “लोकेसनी पोर इस्वासवर ठेयेल शे. तिले मी तोंडवर कशी मांगू?” तुझ्या बापाने विश्वासाने ठेवलेली मुलगी, तिला मागणी घातली तर ते नाही म्हणाले तरी वाईट आणि हो म्हणाले तरी लोक म्हणणार, शिकायला ठेवली नि अडकवली. म्हणून कानबाईवर सोडलं. तुझ्या ताटातल्या वेगळ्या पोळीकडे तू बघत होतीस, ते मला बघवलं नाही, म्हणाल्या. आणि योगराज? तो तर ग्रीसच्या खिशातला पेढा अजून डबीत घालून बसलाय, मुंग्यांपासून सांभाळतोय.

मला हसू यायला लागलं नि रडूही. रिक्षावाला आरशातून बघत होता.

मग काकूंनी माझा हात धरला आणि जे बोलल्या ते शब्द न शब्द लिहिते, फक्त माझ्या भाषेत. “उद्या राखी बांध, मी ताट करीन. बांधू नकोस, तरी जूनपर्यंत तुझा डबा या हाताचा. डिप्लोमा अर्धा ठेवून तुला कोणी कुठे नेणार नाही, तुझा बाप आला तरी त्याला मी सतरंजीवर बसवून परत पाठवीन. तू माझ्या घरची, कशी ते तू सांग. आणि नाही सांगितलंस, तर आबांना मी बघून घेईन.”

एवढं आजवर मला कोणी म्हटलं नव्हतं. आईनेसुद्धा नाही. मी त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवलं आणि घर येईपर्यंत उचललं नाही.

१ सप्टेंबर, सोमवार

आज आमच्याकडे पोळा. बाबा आठवडाभर बैलांच्या झुली शिवून दमले असतील. त्यांना आज मोठं पत्र टाकलं, सगळं खरं, शेवटी लिहिलं की तक्रार कोणाचीच नाही, उलट मागणी आहे, ते तुम्ही येऊन काकांशी बोला, पण जूननंतर.

सकाळचं लिहिते. सात वाजले होते, उन्हाची तिरीप ओट्यावर होती. ओट्यावर दोन्ही डबे, भरलेले, शेजारी शेजारी. आबा चहाला आले होते, फेटा मांडीवर. मंगलाबाई साखर मागायला आल्या होत्या, वाटी विसरून. सोनालीची शाळेची वेळ टळत होती, तरी ती हलत नव्हती. योगराज पायरीवर पाठमोरा बसून चपलेचा पट्टा नीट करत होता, जो तुटलेला नव्हता. पट्टी कोणत्याच हाताला नव्हती.

कोपऱ्यात काकूंनी खरंच ताट करून ठेवलं होतं. निरांजन, कुंकू, अक्षता. शब्दाची पक्की बाई.

मी दप्तर घेतलं, सायकलची किल्ली घेतली. ओट्याशी गेले आणि बुरूज उचलला. जड आहे मेला.

“पोरी!” काकू म्हणाल्या. आवाज जरासा चिरकला. “तो योगराजना डबा शे. तुले दखास नही का?”

“दिसतंय ना, काकू,” मी म्हटलं. “चांगलं दिसतंय.”

पायरीवरची शीळ मी गल्लीच्या टोकाला पोचेपर्यंत ऐकू येत होती.